अनुभव धागा : खाडीकाठची पाखरं

५ ते १२ नोव्हेंबर हा महाराष्ट्राचा पक्षी सप्ताह. ५ तारीख अरण्यलेखक मारुती चितमपल्लींच्या जन्माची, १२ तारीख पक्षीतज्ज्ञ सालिम अलींच्या. सालिम अली तर मुंबईतच जन्मलेले. चितमपल्ली २०२५च्या जूनमध्ये गेले. बगळ्यांच्या वीणवसाहतीला ‘सारंगागार’ म्हणावं, कावळ्यांच्या वसाहतीला ‘काकागार’ म्हणावं, हे आपण त्यांच्याकडून शिकलो. ते गेल्यापासून मनात घोळतंय की आपण मुंबईकरांनी आपल्या खाडीबद्दल आपल्या शब्दांत लिहायला हवं. जंगलांवर पुष्कळ लिहिलं जातं. चिखलावर फारसं कुणी लिहीत नाही, आणि या शहराचं पक्षीधन तर चिखलातच आहे.

शिवडी, माहुल, विक्रोळी, भांडुप; पलीकडे ऐरोली, नेरुळ, उरण. ठाणे खाडीचा १६९० हेक्टरचा पट्टा ऑगस्ट २०१५ मध्ये फ्लेमिंगो अभयारण्य म्हणून जाहीर झाला आणि २०२२ मध्ये खाडीला रामसर दर्जाही मिळाला, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ म्हणून मान्यता. हे झालं कागदावरचं. तुम्ही तिथे उभे राहिलात तेव्हा काय दिसलं, काय कळलं, कुठे चुकलं, ते लिहा. किती जाती पाहिल्या त्याची यादी नको. एक पक्षी आणि एक सकाळ एवढंही पुरे.

सुरुवात मीच करते. भांडुप पंपिंग स्टेशनला पहिल्यांदा गेले ती शेजारच्या काकूंबरोबर, जानेवारीत, पहाटे. महामार्ग सोडून आत वळलं की दोन्ही बाजूंना तिवरं, मधूनमधून पाण्याची डबकी आणि पाणगवत. मला रोहित बघायचे होते, म्हणजे फ्लेमिंगो, आणि ते दिसणार पार शेवटी खाडीच्या तोंडाशी. काकू पहिल्याच डबक्यापाशी थांबल्या त्या हलेचनात. पाच मिनिटं झाली, दहा झाली. मला मनातून राग यायला लागला. तेवढ्यात त्या बोटसुद्धा न उचलता हळूच म्हणाल्या, “गवताच्या बुडाशी बघ.”

आधी काही दिसेना. मग गवत हललं आणि लाजरी पाणकोंबडी बाहेर आली. तोंड पांढरं, पोट पांढरं, शेपटीखाली गंजासारखा तांबूस रंग. पाऊल टाकलं की आखूड शेपटीला एक झटका, पुन्हा पाऊल, पुन्हा झटका. ती गेली आणि तिच्याच जागी चिमणीएवढा एक तपकिरी पक्षी आला. पाठमोरा होता तोवर अगदी साधा. वळला, आणि गळ्यावर निळं, त्यात मधोमध तांबडा ठिपका, खाली काळी आणि तांबूस पट्टी. हा शंकर, इंग्रजीत ब्ल्यूथ्रोट. हिवाळ्यात उत्तरेतून येतो आणि अशा ओल्या गवताच्या कडेने जमिनीवर किडे टिपत राहतो. शंभर माणसं त्या डबक्यावरून पुढे गेली असतील, कारण सगळ्यांना मोठं काहीतरी बघायचं असतं. त्या दिवशी रोहितही दिसले, पण खूप लांब, गुलाबी रेघेसारखे. लक्षात राहिलं ते डबकं. आजही मी कुठल्याही पाणथळीवर गेले की पहिली वीस मिनिटं एका जागी उभी राहते.

आता तुम्ही लिहा.

माहुल गावातून

ताई, आम्ही कोळी. तुम्ही पाखरं बघायला येता, आम्ही पाखरं बघतच मोठे झालो. पण एक सांगतो, माझ्या आज्याने हे गुलाबी पाखरू बघितलेलं नव्हतं. बगळे होते, कुरव म्हणजे सीगल होते, पाणकावळे होते, घारी होत्या. फ्लेमिंगो आमच्या डोळ्यांसमोर आले, नव्वदच्या दशकात. पहिल्यांदा थोडे होते, मग वर्षागणिक वाढत गेले. आता बीएनएचएसची, म्हणजे बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीची, माणसं मोजतात तेव्हा सगळ्या खाडीत मिळून आकडा लाखावर जातो.

लोक येतात आणि विचारतात, सकाळी किती वाजता यायचं? सकाळ-संध्याकाळ खाडीला लागू नाही. खाडीला भरती-ओहोटी लागू. पूर्ण ओहोटीला गेलात तर पाखरू लांब चिखलात पांगलेलं असतं, ठिपके दिसतील. पूर्ण भरतीला गेलात तर चिखलच नाही, सगळं पाणी, पाखरू उडून दुसरीकडे गेलेलं. पाणी चढत असताना या, म्हणजे पूर्ण भरतीच्या दोन तास आधी. पाणी जसं वर सरकतं तसं ते पाखरांना काठाकडे ढकलत आणतं. तुम्ही जागचे हलायचं नाही, पाखरूच तुमच्याकडे येतं.

वेळ काढायला मोबाइल लागत नाही. आमच्याकडे पूर्वापार हिशोब आहे. तिथी घ्यायची आणि तिची पाऊणपट करायची. चतुर्थी असेल तर चाराचे पाऊणपट तीन, म्हणजे तीन वाजता पूर्ण भरती. अष्टमीला सहा. अमावास्या-पौर्णिमेला बाराच्या सुमाराला, आणि तेव्हाच उधाण. अष्टमीच्या आसपास भांगाची भरती, पाणी कमी चढतं, मग चिखल बराच वेळ उघडा राहतो. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, पण भिंतीवरचं कॅलेंडर बघून निघालात तर फुकट जाणार नाही.

मनातलं एक बोलतो, राग मानू नका. मासळी आमच्या खाडीतून गेली. बोय, जिताडा, कोलंबी, चिंबोरी, माझ्या वडिलांनी जे पोत्याने आणलं ते मला टोपलीभर मिळत नाही. पाणी घाण झालं. आणि त्याच घाण पाण्यात हे पाखरू पोट भरतंय म्हणतात. पाखराचा दोष नाही, ते बिचारं लांबून येतं. पण अभयारण्य म्हणताना त्या पाण्यावर जगणारा माणूसही मोजा, एवढंच म्हणणं.

मुलुंड, सांडपाण्याच्या कामावर ३१ वर्षं

माहुलच्या दादांनी लिहिलेलं वाचून राहवलं नाही, म्हणून लिहितो. सांडपाणी शुद्ध करण्याच्या कामावरच माझी सगळी नोकरी झाली. मोठमोठे तलाव असतात, त्यात यंत्राने हवा मिसळतात, म्हणजे घाण खाणारे जिवाणू जोमाने वाढतात. मग ते पाणी पुढे खाडीकडे जातं. रात्रपाळीला त्या यंत्रांच्या घरघरीतसुद्धा रातबगळ्याचं ‘वॉक्’ ऐकू यायचं, एकदाच, डोक्यावरून, आणि मग शांतता. पहाटे तलावावर चिलटांचे ढग उठायचे आणि त्यांच्यामागे माळभिंगऱ्या. पाण्याला चोच लावून न थांबता पुढे जायच्या, पाण्यावर बारीक रेघ उमटायची.

दादा म्हणतात ते खरं आहे. शहराच्या सांडपाण्यातून नायट्रोजन आणि फॉस्फरस खाडीत जातो. त्यावर निळं-हिरवं शेवाळ वाढतं, डोळ्यांना दिसणार नाही एवढं बारीक. छोटा रोहित मुख्यतः तेच खातो. चोच उलटी करून पाण्यात घालतो, जीभ पंपासारखी मागे-पुढे करतो, पाणी आत घेतो आणि चोचीच्या कडेच्या बारीक झालरीतून गाळून बाहेर टाकतो. शेवाळ आत राहतं. त्याचा गुलाबी रंगही त्या शेवाळातल्या रंगद्रव्याचाच. पिल्लू राखाडी असतं, गुलाबी व्हायला दोन-तीन वर्षं लागतात. म्हणून थव्यात मळकट रंगाचे दिसले तर ती वेगळी जात समजू नका, ती पोरं आहेत. छोट्या रोहितांची संख्या इथे वाढण्यामागे हे सांडपाणी हे एक मोठं कारण असावं, असं अभ्यासक मानतात.

मग प्रश्न येतो, पाणी स्वच्छ केलं तर रोहित जातील का? माझं आयुष्य पाणी स्वच्छ करण्यात गेलं, त्यामुळे मला उत्तर एकच दिसतं. पाणी स्वच्छ व्हायलाच हवं. मासळी परत आली पाहिजे. रोहित थोडे कमी झाले तरी मोठा रोहित बारीक कोळंबी-शिंपले खातो, तुतवार चिखलातले किडे खातात, कैकर मासे खातो. खाडी जिवंत राहिली तर कुणी ना कुणी येतच राहील.

विक्रोळी, बँकेतून निवृत्त

निवृत्त झालो त्या वर्षी मुलाने ८ बाय ४२ ची दुर्बीण दिली. पहिली दोन वर्षं किनाऱ्यावरचे पक्षी मला सगळे सारखे दिसायचे. तपकिरी, लांब पायांचे, लांब चोचीचे. पुस्तकात चित्र बघायचं, वर बघायचं, तोवर पक्षी उडालेला. सोडून द्यावं असं वाटायला लागलं होतं.

मग एका जाणत्या पक्षीमित्राने सांगितलं, काका, रंग बघू नका, काय करतोय ते बघा. तिथून सगळं उलगडत गेलं.

चिखल्या पळतो, एकदम थांबतो, मान खाली करून टिपतो, पुन्हा पळतो. डोळे मोठे, चोच आखूड, कारण तो बघून खातो. साधा तुतवार उभा असला तरी त्याची मागची बाजू वरखाली हलतच असते, आणि त्याच्या पोटाचा पांढरा रंग खांद्यापुढे वर चढतो. तेवढी खूण पक्की. लाल टिलवा सावध. आपण अजून लांब असतो तोवरच ओरडून सगळ्यांना उठवतो आणि उडाला की पंखाच्या मागच्या कडेला पांढरा पट्टा चमकतो. पाणटिवळा पोटापर्यंत पाण्यात उभा राहून लांब सरळ चोच शिलाई मशीनच्या सुईसारखी चिखलात वरखाली करतो. कुरलची चोच खाली वाकलेली, खेकड्याच्या बिळात वळवून घालायला. आणि उचाटची वर वाकलेली. तो ती पाण्यातून डावी-उजवीकडे फिरवतो, विळ्याने गवत कापल्यासारखी.

म्हणजे एकाच चिखलात प्रत्येकाचा मजला वेगळा. वरचा अर्धा इंच चिखल्याचा, दोन इंचांवरचे किडे टिलव्याचे, चार-पाच इंच खाली पाणटिवळा आणि कुरल. हे कळलं त्या दिवशी मी घरी येऊन सौ.ला कणकेचा गोळा आणि तीन लांबीच्या काड्या घेऊन समजावून सांगितलं होतं. आता तीही येते.

दर जानेवारीत पाणपक्ष्यांची आशियाई गणना होते, तिथे मी स्वयंसेवक म्हणून जातो. हजारोंचा थवा एकेक करून मोजता येत नाही. आधी दहा पक्षी मोजायचे, ते दहा किती जागा व्यापतात ते डोळ्यात बसवायचं, मग त्या मापाने शंभराचा तुकडा पाडायचा आणि मग ते तुकडे थव्यावरून सरकवत न्यायचे. पहिल्या वर्षी माझा आकडा शेजारच्याच्या दुप्पट आला. तिथल्या ताईंनी रागावल्याशिवाय पुन्हा मोजायला लावलं, तीन वेळा. सराव झाला की डोळा बसतो. आयुष्यभर नोटा मोजल्या, पण एवढं लक्ष लावून काही मोजल्याचं आठवत नाही.

माहीम, शिक्षिका

आमची शाळा धारावीच्या जवळ आहे. मुलांना लांब नेणं परवडत नाही, म्हणून दरवर्षी मिठीच्या काठच्या महाराष्ट्र निसर्ग उद्यानात नेते. ३७ एकरांची ही जागा आधी कचऱ्याची पडीक जागा होती. कचऱ्यावर माती टाकून झाडं लावली, आणि १९९४ पासून ते उद्यान लोकांसाठी खुलं आहे. मुलांना हे मी मुद्दाम आधी सांगते, कारण त्यांच्यातल्या काहींच्या घरी कचरा वेचण्याचं काम चालतं. आपण उभे आहोत त्याच्या खाली कचरा आहे, हे ऐकल्यावर ती पायाखाली बघतात आणि मग झाडांकडे बघतात.

गेल्या वर्षी पाचवीतला एक मुलगा होता. वर्गात बोलायचा नाही. तळ्याच्या कडेला सगळी मुलं बदक शोधत होती आणि हा एकटा उकिडवा बसून पाण्याच्या काठाकडे टक लावून बघत होता. मी जवळ गेले तर ओठांवर बोट ठेवलं. दगडाशेजारी ढोकरी उभी होती. मातकट पाठ, मानेवर तपकिरी रेघा, दगड आणि पक्षी वेगळे करता येऊ नयेत इतकी एकजीव. मला ती दिसायला मिनिटभर लागलं, त्या मुलाला पहिल्यांदाच दिसली होती. पक्ष्याची मान इतकी हळू पुढे सरकत होती की सरकताना कळत नव्हतं, फक्त मघापेक्षा लांब झालेली दिसत होती. मग एक फटका, आणि चोचीत बेडकी.

कुणीतरी मागे हसलं आणि ती उडाली. उडाल्याबरोबर पंख पांढरेशुभ्र. तो मुलगा म्हणाला, “बसली की मातीची, उडाली की दुधाची.” वर्षभरात त्याने माझ्याशी बोललेलं ते पहिलं पूर्ण वाक्य. वहीत त्याने चित्र काढलं त्यात दगड मोठा होता आणि पक्षी जवळजवळ दिसतच नव्हता. मी त्याला पूर्ण गुण दिले.

बोरिवलीहून

छोटासाच अनुभव. आईला ७२ व्या वर्षी ऐरोलीच्या जैवविविधता केंद्रातून बोटीने नेलं. बोटी भरतीच्या वेळेनुसार सुटतात, त्यामुळे दुपारी कडक उन्हात निघालो. काठावर पाणटिवळे, कुरव, चित्रबलाक. मग वळणावर रोहितांचा थवा. उभे होते तोवर फिके, आणि उडाले तेव्हा पंखाखालचा लाल आणि काळा रंग उघडला. आई म्हणाली, “अबोलीची रास कुणी उधळावी तसं दिसतंय.” त्यानंतर घरी येईपर्यंत ती गप्प होती. एक विनंती, खाडीच्या पुलांवर थांबून कुरवांना गाठ्या-शेव घालू नका. ते दूरदेशीहून येतात ते मासे आणि किडे खायला. तळलेलं, मिठाचं त्यांच्या पोटाला नाही.

पवईहून

सगळे हिवाळ्याचं लिहितायत, मी पावसाचं लिहिते. पवईचा तलाव १८९१ चा. आता जलपर्णीने भरतो आणि त्याचं दुःख आहेच. तरी जुलै-ऑगस्टमध्ये छत्री घेऊन काठाला उभं राहा.

मला कमळपक्षी दिसला होता, काशाच्या रंगाच्या पंखांचा. डोळ्यावर पांढरी भुवई, मान काळी-हिरवी चकाकणारी. बोटं इतकी लांब की पानावर पाय टाकला की वजन सगळीकडे पसरतं आणि पान बुडत नाही. त्या दिवशी मला वाटलं या पक्ष्याला काहीतरी इजा झालीये. पंखाखालून बारीक काड्या लोंबत होत्या, दोन्ही बाजूंना. पक्षी एका पानावरून दुसऱ्या पानावर जपून चालत होता आणि त्या काड्या हलत होत्या. थोड्या वेळाने तो वाकला, पंख सैल केले, आणि काड्या पानांवर उतरून पळायला लागल्या. पिल्लांचे पाय होते ते! बापाने तीन पिल्लं बगलेत धरून उचलून आणली होती.

बाप म्हणते, कारण यांच्यात अंडी उबवणं आणि पोरं सांभाळणं हे काम नराचं. मादी मोठी असते, ती इलाखा राखते आणि एकाहून जास्त नरांना अंडी घालून देते. पावसाची सर आली तेव्हा पिल्लं पुन्हा धावत त्याच्या पंखांखाली शिरली आणि काड्या पुन्हा लोंबायला लागल्या. माझे बूट भरले होते पाण्याने, मी हलले नाही. माझ्या लहानपणी आई आजारी असायची आणि बाबांनी आम्हाला वाढवलं. रात्री त्यांना फोन करून सगळं सांगितलं.

घाटकोपर, पंतनगर

२० मे २०२४, सोमवारची रात्र. आमच्या भागात आकाशातून रोहित पडले. विमानाची धडक बसली होती. चाळीसच्या आसपास पक्षी मेले. मी त्याच भागात राहतो.

खाली गोंधळ ऐकून उतरलो तर गल्लीत लोक मोबाइलचे दिवे पाडून बघत होते. मी त्याआधी कधी फ्लेमिंगो जवळून पाहिलेला नव्हता. एका पक्ष्याचा पाय माझ्या चपलेपासून हातभर अंतरावर होता. बोटांमध्ये बदकासारखा पडदा, आणि त्या पडद्याला अजून ओला चिखल लागलेला. म्हणजे थोड्याच वेळापूर्वी तो खाडीत उभा होता. हे दृश्य माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही. वन विभागाची माणसं आणि पक्षीमित्र रात्रभर गोळा करत होते. लहान मुलांना बायांनी घरात नेलं.

दुसऱ्या दिवसापासून मी वाचायला लागलो. रोहित लांबचा प्रवास बहुतेक रात्री करतात. मे महिन्याच्या शेवटी ते गुजरातेकडे, कच्छच्या बाजूला परत निघतात. बीएनएचएसने २०२२ मध्ये काही रोहितांना जीपीएस यंत्रं लावली होती, त्यातूनही गुजरातचा हा रस्ता दिसला. ते आपल्या घरांवरून जातात आणि आपण झोपलेले असतो, हे मला चाळीस वर्षं इथे राहून माहीत नव्हतं. आता एप्रिल-मेमध्ये गच्चीवर जातो. दोनदा ऐकू आलेत, बदकांसारखा घोगरा कलकलाट, वरून, उत्तरेकडे सरकत जाणारा. दिसत काही नाही. मी तो आवाज संपेपर्यंत उभा राहतो.

लालबागहून

मला एक कबुली द्यायची आहे. शिवडीच्या जेट्टीवर मी वीस वर्षं फोटो काढतोय. सुरुवातीला उडणारा थवा हवा होता. वर्तमानपत्रात तसेच फोटो यायचे. पक्षी आपणहून उडत नव्हते, म्हणून एकदा मी आणि एक मित्र चिखलात उतरलो आणि टाळ्या वाजवल्या. हजारो पक्षी एकदम उठले. फोटो उत्तम आला. घरात फ्रेम करून लावला होता.

पुढे कळलं की त्यांना दिवसाचं पोट भरायला मिळतात ते ओहोटीचे मोजके तास. एवढ्या वेळात पुढच्या प्रवासाची चरबी साठवायची. आपण उठवलं की खाणं बंद आणि उडण्यात ताकद खर्च. पाणी तर कुणासाठी थांबत नाही. वीस मिनिटं गेली ती गेली. मी तो फोटो काढून ठेवला. आता जेट्टीवर कुणी दगड उचलताना दिसलं की मी जाऊन बोलतो, शांतपणे, माझीच गोष्ट सांगतो. बहुतेक जण ऐकतात.

शिवडीत आता अटल सेतू आहे, जानेवारी २०२४ मध्ये खुला झाला. बांधकामाच्या वर्षांत माझ्या कॅमेऱ्यात इथले पक्षी कमी आणि भांडुप-ऐरोलीकडचे जास्त येत गेले. किल्ल्याच्या बुरुजावरून पूर्वी नुसता गुलाबी पट्टा दिसायचा. अजूनही येतात, मी मोजून ठेवतो.

पूर्वी दादर, आता नेरुळ

माहुलच्या दादांनी लिहिलं की पूर्ण भरतीला पाखरू ‘दुसरीकडे’ जातं. ते दुसरीकडे म्हणजे आमच्या खिडकीखालचं तळं.

हे मला इथे राहायला आल्यावर कळलं. खाडीत पाणी भरलं की रोहितांना उभं राहायला जागा उरत नाही. मग ते आत येतात, उथळ पाणथळींवर, आणि ओहोटी लागेपर्यंत एका पायावर मान पाठीत खुपसून उभे राहतात. दिवसातून दोन भरत्या, म्हणजे दोन फेऱ्या. उरणकडच्या पाणथळींचंही हेच काम. अभयारण्याची हद्द खाडीत आहे, पण अर्धा दिवस पक्षी हद्दीबाहेर असतात, आणि तिथे त्यांना वाली नाही. एका वर्षी आमच्याकडे तळ्यात खाडीचं पाणी येण्याची वाट बुजली. पाणी आटलं, तळाला भेगा पडल्या. भरतीची वेळ झाली की थवा यायचा, वर दोन घिरट्या घालायचा, आणि पुन्हा निघून जायचा. रोज. आम्ही रहिवाशांनी अर्ज केले, फोटो तारखेसह जोडले, पाठपुरावा केला. पाणी पुन्हा आलं तेव्हा तिसऱ्या दिवशी संध्याकाळी अकरा रोहित उतरले. माझ्या मुलीने तारीख भिंतीवर पेन्सिलीने लिहून ठेवली आहे, ती आम्ही रंगकामातही पुसू दिली नाही.

म्हणून जे नवीन बघायला जातात त्यांना सांगते, ओहोटीची जागा आणि भरतीची जागा, दोन्ही बघा. एकाच थव्याची ती दोन घरं आहेत.

पुन्हा माहुल गावातून

सगळ्यांचं वाचलं. सांडपाण्यावरच्या काकांनी मासळी परत आली पाहिजे असं लिहिलं, ते घरात मोठ्याने वाचून दाखवलं.

येत्या रविवारी षष्ठी आहे. सहाचे पाऊणपट साडेचार. अडीचला जेट्टीवर या, टोपी आणि पाणी घेऊन. नेरुळच्या ताई तिकडे त्याच वेळी तळ्यावर उभ्या राहतील तर बरं होईल. आमच्याकडून थवा उठला की मी फोन करतो, तुमच्याकडे उतरला की तुम्ही सांगा. किती मिनिटं लागतात ते मला बघायचंय.